बिनडोक बेस आणि त्यावर जडलेला जीव

खर्जवाला

सहा महिन्यांपूर्वी हेडलेस बेस घेतला (खर्जाची गिटार, पण टोकाला खुंट्यांचं डोकं नसलेली), तेव्हापासून जुन्या बेसच्या पेटीवर धूळ बसली आहे. बँडमधल्या मंडळींनी पहिल्याच तालमीत त्याचं बारसं केलं: 'बिनडोक'. वर ड्रमर म्हणाला, "मालकाला शोभतोय." ऐकून घेतलं.

घेताना कारण साधं होतं. जुन्या बेसचं डोकं सतत जमिनीकडे ओढ घ्यायचं. डावा हात तारा दाबायला मोकळा राहण्याऐवजी निम्मा वेळ नेक (तारांखालची लांब दांडी) उचलून धरण्यात जायचा, आणि दोन तासांनी खांदा भरून यायचा. म्हणजे मी बेस वाजवत कमी आणि सावरत जास्त होतो. नवीन बेस पट्ट्याला अडकवला, दोन्ही हात सोडले, तर गडी जिथे होता तिथेच राहिला. पहिला आठवडा मी नुसतं तेच करत होतो. हात सोडायचे आणि बघत बसायचं.

आवाजाकडे लक्ष नंतर गेलं. जुन्या बेसवर 'जी' (G) तारेच्या सहाव्या फ्रेटवर (नेकवरच्या धातूच्या आडव्या पट्टीवर) सूर कायम बसका निघायचा. छेडला की 'ढप्' आणि लगेच गायब. मला वर्षानुवर्षं वाटत होतं की माझंच बोट कच्चं. या बेसवर तोच सूर शेजाऱ्यांइतका टिकतो. खालपासून वरपर्यंत एका दमाचा, पियानोवर डाव्या हाताने वाजवल्यासारखा स्वच्छ खर्ज.

आता प्रश्न. हे खरंच डोकं नसल्यामुळे होतंय, की नव्या नवरीचं कौतुक? ज्यांच्याकडे आहे त्यांनी का ठेवलाय आणि ज्यांनी विकला त्यांनी का विकला, दोन्ही लिहा.

नादखुळा

"मालकाला शोभतोय" :D

जागा धरून बसतोय. हा धागा शंभरी गाठणार.

फ्लॅटवाऊंड

खर्जवाला, राग मानू नका, पण मला तो बेस दिसला की कुणीतरी वल्हं गळ्यात अडकवून मंचावर आल्यासारखं वाटतं.

आवाजाचं म्हणाल तर 'एका दमाचा' हीच माझी तक्रार आहे. प्रत्येक सूर सारखाच निघाला तर वाद्याला स्वभाव काय राहिला? माझ्या जुन्या लाकडी बेसवर कुठला सूर रुसतो, कुठला गुरगुरतो हे मला पाठ आहे, आणि मी त्याप्रमाणेच जागा निवडतो. तुमचा बेस इस्त्री केल्यासारखा वाजतो.

शिवाय ही ऐंशीच्या दशकातली फॅशन होती. रश या रॉक बँडच्या गेडी लीने १९८४ च्या सुमारास स्टाइनबर्गर कंपनीचा हेडलेस गळ्यात घातला आणि १९८५ च्या अल्बमपर्यंत तो वाल कंपनीच्या, डोकं असलेल्या बेसकडे वळलासुद्धा. यावरून काय ते समजा.

खर्जवाला

गेडी लीने रिकनबॅकर, फेंडर जॅझ, स्टाइनबर्गर, वाल सगळं वाजवलं आणि पुन्हा जॅझकडे आला. त्याच्या बेस बदलण्यावरून निष्कर्ष काढायचे तर एकही बेस धड उरायचा नाही.

जुनं_खोड

मी त्या काळात स्टाइनबर्गरचा एल२ वाजवला आहे. माझा नव्हता, मित्राचा. पण दोन वर्षं तो त्याच्यापेक्षा माझ्याकडेच जास्त असायचा, म्हणून अधिकाराने लिहितो.

हा बेस ज्याने घडवला तो नेड स्टाइनबर्गर मुळात फर्निचरचा डिझायनर. ब्रुकलिनमधल्या एका सामायिक कारखान्यात स्टुअर्ट स्पेक्टर बेस बनवायचा, नेड तिथेच काम करायचा. स्पेक्टरसाठी त्याने १९७७ मध्ये तो प्रसिद्ध वळणदार एनएस बेस आखून दिला. पाठीमागून खोलगट, पोटाला बिलगणारा. खुर्ची बनवणाऱ्याच्या डोक्यातूनच ते येऊ शकतं, कारण त्याला सवय माणसाचं शरीर कुठे टेकतं ते बघण्याची.

मग तो डोक्याच्या वजनामागे लागला. नेक खाली झुकते कारण चार जड खुंट्या तिच्या टोकाला बसवल्यात. तर खुंट्या काढून खाली ब्रिजजवळ (तारा बॉडीवर जिथे टेकतात तिथे) आणा. आणल्या. मग वर उरलेला लाकडाचा तुकडा कशासाठी? काहीच नाही. तोही गेला. एवढं सरळ. आपल्याला डोकं उडवल्याचं जे नाट्य दिसतं ते त्याच्या बाजूने निव्वळ आवराआवर होती.

१९८० मध्ये कंपनी निघाली आणि एल२ लोकांसमोर आला. कार्बन आणि काचेचे धागे इपॉक्सीत बसवून केलेला साचा, लाकडाचा पत्ता नाही. लोकांना वाटतं तेवढा तो हलका नव्हता बरं का. छोटा होता, पण घट्ट, भरीव. नेकवर बोटाच्या पेराने टकटक केलं तर लाकडासारखा पोकळ आवाज यायचा नाही, फरशीवर वाजवल्यासारखा यायचा. हिवाळ्यात पहिली पाच मिनिटं अंगठा गार पडायचा. नेकमध्ये ट्रस रॉडच (नेक सरळ करायची आतली सळई) नाही, कारण ती वाकतच नाही. पावसाळ्यात बाकीचे बेसवाले पाना घेऊन नेक सरळ करत बसायचे तेव्हा आम्ही पेटी उघडून थेट वाजवायला लागायचो, सूरही जवळपास कालच्या जागीच.

बसून वाजवायला खाली एक दुमडणारी पट्टी, मांडीवर टेकवायला. पाठीमागे फिरणारी चकती, तिला पट्टा अडकवायचा. हव्या त्या कोनात बेस उभा करा, तो तिथेच थांबणार. टोनी लेव्हिनसारखा नावाजलेला बेसवादक सुरुवातीलाच याच्याकडे वळला तो काही दिसण्यासाठी नाही.

नादखुळा

अवांतर: डोकं उडवायचा पहिला मान मात्र नेडकडे जात नाही. गिटारवादक लेस पॉलने त्याच्या कितीतरी आधी अ‍ॅल्युमिनियमची बिनडोकी गिटार करून पाहिली होती. मंचावरच्या दिव्यांनी धातू तापला की सूर हलायचा, म्हणून सोडून दिली. म्हणजे कल्पना बरोबर, माल चुकीचा.

सुतारपक्षी

मी वाद्यं दुरुस्त करतो. खर्जवाला यांच्या मूळ प्रश्नाला हात घालतो, थोडं लांबेल.

तुमच्या जुन्या बेसवरचा तो 'ढप्' सूर म्हणजे डेड स्पॉट. तुमच्या बोटाचा त्यात काही दोष नाही. नेक ही एका टोकाला घट्ट धरलेली पट्टी. फूटपट्टी टेबलाच्या कडेला दाबून टिचकी मारली की ती जशी थरथरते, तशी नेकसुद्धा स्वतःच्या ठरावीक गतीने थरथरते. जी तारेचा सहावा फ्रेट म्हणजे सी शार्प, सुमारे १३९ हर्ट्झ. नेकची स्वतःची थरथर तिथेच कुठेतरी येत असेल, तर तारेतली ताकद नेक पिऊन टाकते. सूर मरतो, नेक हलते. पुढच्या वेळी तो सूर छेडा आणि दुसऱ्या हाताची बोटं डोक्याला हलकेच लावून बघा, झिणझिण्या येतील. आणि तोच सी शार्प डी तारेवर अकराव्या फ्रेटला वाजवा. बहुतेक नीट टिकेल, कारण तिथे नेक सांध्याच्या जवळ असते आणि फारशी हलत नाही.

आता फूटपट्टीच्या टोकाला खोडरबर चिकटवा. थरथर मंदावेल. बेसचं डोकं आणि खुंट्या हे ते खोडरबर. ते काढलं की नेकची गती वाढते आणि डेड स्पॉट वरच्या सुरांकडे सरकतो. सरकतो म्हणालो, नाहीसा होतो असं नाही. लाकडी नेकच्या हेडलेस बेसवरही तो कुठेतरी सापडतो, बऱ्याचदा अशा ठिकाणी की रोजच्या वाजवण्यात बोट तिथे कमी जातं.

कार्बनच्या नेकचं वेगळं. ती इतकी ताठ असते की गती खूपच वर जाते आणि तारेकडून ती फारसं काही घेत नाही. जुनं_खोड यांनी वाजवलेल्या एल२ चा तो लांब, सपाट, पियानोसारखा सूर मुख्यतः या ताठपणाचा. त्यात ईएमजी कंपनीचे अ‍ॅक्टिव्ह पिकअप (तारेची थरथर टिपणारे, बॅटरीवर चालणारे), म्हणजे वरचे झिलईदार स्वरही न झिजता बाहेर. लोक या तिन्ही गोष्टी एकत्र ऐकतात आणि श्रेय जे दिसतं त्याला देतात, म्हणजे नसलेल्या डोक्याला.

ताठ नेक डोक्यासकट पण करता येते. जेफ गूल्ड हा अंतराळ उद्योगातला माणूस. त्याने सत्तरच्या दशकातच ग्रॅफाइटच्या नेकचा ध्यास घेतला आणि पुढे मॉड्युलस ही कंपनी काढली. त्या बेसना डोकं होतं आणि आवाज याच घराण्याचा होता.

तेव्हा खर्जवाला, तुमचा बेस लाकडी नेकचा आहे का?

खर्जवाला

लाकडी. मेपल, पाच पट्ट्या चिकटवलेली, आत कार्बनच्या दोन सळया आहेत असं माहितीपत्रकात होतं.

आणि झिणझिण्या आल्या हो! जुना बेस काढून आत्ताच बघितलं. डोकं अक्षरशः गुणगुणतंय. इतकी वर्षं माझा सूर तिथे चोरीला जात होता.

सुतारपक्षी

मग तुमच्याकडे दोन्हीचा थोडा थोडा हिस्सा आहे. पट्ट्या आणि सळयांनी आलेला ताठपणा, शिवाय टोकाला ओझं नाही.

फ्लॅटवाऊंड

एक गोष्ट सुटली. हेडलेसवर तारा कमी ताणाच्या लागतात, त्यामुळे आवाज पातळ होतो.

सुतारपक्षी

नाही. ताण ठरतो तारेचं वजन, सूर आणि नटपासून (नेकच्या वरच्या टोकाची खाचांची पट्टी) ब्रिजपर्यंतची लांबी, म्हणजे स्केल, यांवर. बहुतेक हेडलेस बेसचं स्केल तुमच्या बेसइतकंच, ३४ इंच. डोक्यामुळे ताणात फरक पडत नाही.

फरक पडतो तो लवचिकपणात. डोकं असलं की नटच्या पलीकडे खुंटीपर्यंत तारेचा एक तुकडा असतो. तार ओढून सूर चढवताना त्यातली थोडी लांबी आत सरकते. हेडलेसवर तो तुकडाच नाही, त्यामुळे तेवढ्याच ओढीत सूर जरा जास्त चढतो. सवय होईपर्यंत बेंड केलेले सूर थोडे वर जातात.

फ्लॅटवाऊंड

ठीक. ताणाचं मागे घेतो. वल्ह्याचं नाही.

मंद्रा

सुतारपक्षी यांचं वाचून राहवेना, म्हणून रविवारी प्रयोग केला. माझ्याकडे एकच बेस आहे, डोकं असलेला. लाकूडकामाचा छोटा क्लॅम्प घेतला, जाड कापडाची घडी मध्ये घालून डोक्याला आवळला आणि जी तारेवर पहिल्या फ्रेटपासून बाराव्यापर्यंत एकेक सूर वाजवत गेले. फोनवर ध्वनिमुद्रण लावून ठेवलं होतं.

क्लॅम्प नसताना माझा मेलेला सूर पाचव्या फ्रेटवर. तीन सेकंदांत संपतो. क्लॅम्प लावल्यावर पाचवा मस्त टिकायला लागला आणि तिसरा मेला! म्हणजे भूत घर सोडून गेलं नाही, फक्त दोन खोल्या पलीकडे राहायला गेलं. क्लॅम्प काढला, परत पाचव्यावर.

उलट दिशेचा प्रयोग करायला करवत लागेल, तो मी करणार नाही.

यातून मला एवढं कळलं की डोक्याचा आवाजावर परिणाम होतो, पण 'हेडलेसचा आवाज' असा एक ठरलेला आवाज नाही. तरीही मी पुढचा बेस हेडलेसच घेणार आहे, आणि कारण आवाज नाही. माझी उंची पाच फूट. पूर्ण लांबीचा बेस जवळजवळ पावणेचार फूट. दाराच्या चौकटीला, झांजेला, गायिकेच्या कोपराला, कुठे कुठे म्हणून तो आपटत नाही? हेडलेस त्याच्यापेक्षा वीतभर आखूड, स्केल मात्र तेवढंच. पहिल्या फ्रेटपर्यंत हात तितकाच लांब करावा लागतो, हे मान्य. पण डावीकडे वळताना कुणाला डोळा फुटण्याची भीती नाही.

नादखुळा

"भूत दोन खोल्या पलीकडे राहायला गेलं". मंद्राताई, दंडवत.

जुनं_खोड

आता उलटी बाजू पण लिहितो, नाहीतर लोक म्हणतील खोडाला फक्त आठवणी फुटतात.

तार. मूळ स्टाइनबर्गरला दोन्ही टोकांना गोळी असलेली तार लागायची. लावायला स्वर्ग: वर अडकव, खाली अडकव, खुंटी चार वेळा फिरव, सूर तयार. तुटली तर एका गाण्याच्या आत बदलून व्हायची. पण मिळायला नरक. साध्या तारांच्या तुलनेत पर्याय मोजके, आणि नेमकी हवी ती जाडी संपलेली. पुढे साध्या तारा पकडणारे नट आले म्हणून जीव वाचला.

दुसरं, खुंटी. ती गिअरवर फिरत नाही, सरळ तार मागे खेचते. बारीक सूर जुळवायला यासारखं दुसरं काही नाही. तंबोऱ्याच्या मण्यांची आठवण येते, तीच जागा, तेच काम: उजवा हात तारेजवळ असतानाच सूर केसभर हलवायचा. पण जाड ई तारेला खेचायला जोर लागतो. आटे कोरडे पडले आणि बोटांना घाम असला की ती गोल मूठ जागची हलत नाही. वर्षातून दोनदा आट्यांना वंगणाचा थेंब द्यायचा.

तिसरं, सवय. पहिले सहा महिने डावा हात सूर जुळवायला वर जायचा आणि हवेत खुंटी शोधायचा. प्रेक्षकांना वाटायचं मी कुणाला तरी हात करतोय.

खर्जवाला

हात करण्याचं अगदी अगदी. मागच्या कार्यक्रमात एकाने मला परत हात केला.

माझी भर: क्लिपवाला ट्यूनर लावायला जागाच नाही. भिंतीवरच्या हुकाला टांगता येत नाही, नेक सरळ निसटून येते. आणि अंधारात नेकचं टोक कुठे संपतं ते कळत नाही. जुन्या बेसवर डोळ्याच्या कोपऱ्यातून डोकं दिसायचं आणि हात आपोआप पहिल्या फ्रेटवर जायचा. आता कडेच्या ठिपक्यांवर नजर ठेवावी लागते.

नवशिका_बेस

माझा पहिलाच बेस असणार आहे. हेडलेस घ्यावा का? आणि साध्या तारा नक्की चालतात ना?

सुतारपक्षी

घ्यायला हरकत नाही, पण आधी बसून आणि उभं राहून, दोन्ही प्रकारे वाजवून बघ. बसल्यावर काही छोट्या बॉडी मांडीवरून घसरतात. ब्रिज शरीराच्या अगदी कडेला असतो, तिथे हाताचा तळवा टेकवून सूर दाबण्याची सवय लावायची असेल तर खुंट्या टोचतात का ते बघ.

आयबानेझने २०२० मध्ये आणलेली ईएचबी मालिका किंवा स्ट्रँडबर्गचे बोडेन बेस यांवर साध्या, एका गोळीच्या तारा चालतात. गोळी ब्रिजमध्ये आणि मोकळं टोक नटपाशी स्क्रूने आवळायचं. इथे लोक एक चूक करतात. तार आधी कापतात आणि मग आवळतात. आतली तार गोल असेल तर बाहेरचं वेटोळं सैल होतं आणि ती तार मेली, कितीही घट्ट केली तरी वाजत नाही. आधी नटमध्ये आवळ, पलीकडे पक्कडीने काटकोनात वाकव, आणि वाकवलेल्या जागेच्या पुढे काप. हेच क्रमाने.

नवशिका_बेस

धन्यवाद दादा. लिहून ठेवलं.

फ्लॅटवाऊंड

महिनाभराने धागा वर काढतोय.

माझ्या मानेचं दुखणं वाढलं, डॉक्टरांनी जड बेस बंद सांगितला. खर्जवाला यांनी त्यांचा हेडलेस तीन आठवड्यांसाठी दिला. (हो, आम्ही या धाग्यावर भांडलो आणि नंतर भेटलो. मोठ्या मनाचा माणूस आहे.)

इस्त्री केलेला आवाज, हे मत कायम. पहिल्या दिवशी तर मला गाण्यात मी सापडतच नव्हतो. मग टोनची वरची बाजू जवळजवळ बंद केली, ब्रिजखाली स्पंजचा तुकडा सारला, अंगठ्याने वाजवायला लागलो. तेव्हा कुठे ओळखीचा आवाज आला. रुसणारा सूर मात्र काही केल्या रुसला नाही. त्याची उणीव भासते, यावर कुणी हसलं तरी चालेल. आमच्या एका गाण्यात मी त्या बसक्या सुरावर मुद्दाम थांबायचो, तो आपोआप विरून जागा करून द्यायचा. आता तिथे तार हाताने बंद करावी लागते.

पण परवा तालीम चार तास चालली आणि घरी जाताना लक्षात आलं की मान दुखत नाहीये.

खर्जवाला

तीन आठवडे कधीच झाले, बरं का.

फ्लॅटवाऊंड

माहीत आहे. तेच विचारायचं होतं. त्यावर माझ्या फ्लॅटवाऊंड (सपाट वेटोळ्याच्या) तारा चढवल्या तर चालेल का? आणि नटच्या स्क्रूसाठी कुठल्या मापाची अ‍ॅलन की लागते?

सुतारपक्षी

बेसबरोबर आलेलीच वापरा. जवळपासच्या मापाची घातली तर फिरते, पण स्क्रूचं तोंड गोल होतं आणि मग तो माझ्याकडे येतो.

खर्जवाला

पेटीच्या झाकणातल्या कप्प्यात आहे. आणि तारा चढवा, पण माझ्या जुन्या फेकू नका.